मामाजी, तुम्ही माग काढला त्याची गोष्ट

मामाजी, काल तुमची तेरवी झाली. आज सकाळी मी शाळेत जायला निघाले होते, चपलाही घातल्या होत्या, आणि तशीच परत येऊन ओट्यावर बसले. हेडबाईंना निरोप पाठवून दिला. अशी उगाच सुटी मी कधी घेत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. अंगात ताप असला तरी तुम्हीच मला बाहेर काढायचे. "मास्तरीणबाई, शाळेत जा, घरी बसल्यानं ताप वाढते," म्हणायचे. आज हाकलायला कोणी नव्हतं, म्हणून राहिले घरी.

गेले तेरा दिवस लोक येऊन तुमच्याबद्दल चांगलं बोलून गेले. शांत माणूस होता, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी चहा देत होते आणि ऐकत होते. शांत! सख्ख्या नातवाशी आठ महिने एक शब्द बोलला नाही, त्या माणसाला लोक शांत म्हणतात. माझ्या ओठांवर आलं होतं, पण पाहुण्यांसमोर सासऱ्याची उणीदुणी काढायची नसतात म्हणून कपबशा उचलून आत गेले. आता घरात कोणी नाही. हे ऑफिसला गेले, प्रकाश गेला. आता मी तुमच्याशी भांडायला मोकळी आहे, आणि नेमके तुम्हीच नाही.

तुम्ही मला पाहायला आले तो दिवस आठवतो का तुम्हाला? माझे वडील एका शाळेत शिपाई. मी मॅट्रिक होऊन नुकतीच कार्पोरेशनच्या शाळेत लागलेली, आणि आमच्या घरात त्याचा गाजावाजा इतका की जशी काही मी कलेक्टरच झाले. तुमच्यासोबत एक आत्याबाई होत्या. त्यांनी पोह्याची बशी हातात घेतल्या घेतल्या विचारलं, पोरीला कांड्या भरता येतात का? विणकरांच्या घरात हा पहिला प्रश्न, कारण माग एकट्याने चालत नाही. एकाने विणायचं तर दुसऱ्याने सुताच्या कांड्या भरून द्यायच्या. मला येत होतं, माझ्या आजोळी मागच होते. मी हो म्हणणार, तेवढ्यात तुम्ही बोलले. "तिले कांड्या भरायले नाही नेऊन राहिलो मी. तिनं शाळेत जावं." आत्याबाईंचा हात पोह्यात तसाच राहिला. माझ्या वडिलांना वाटलं तुम्ही थट्टा करता. मला मात्र कळलं होतं की हा माणूस खरं बोलतो. मुलगा कसा आहे हे मी नीट पाहिलंही नव्हतं, तुमच्या त्या एका बोलण्यावर मी सक्करदऱ्याच्या घरात आले.

घर म्हणजे दोन खोल्या. त्यातली समोरची अख्खी मागाने खाल्लेली. जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडून तुम्ही बसायचे, पावड्या दाबायचे, धोटा इकडून तिकडे जायचा. पहाटे जो खटखटाट सुरू व्हायचा तो दिवेलागणीला थांबायचा. त्या आवाजात मी पोरांच्या पाट्या तपासायला शिकले, त्याच आवाजात माझ्या तान्ह्या प्रकाशला झोप लागायची. सासूबाई भिंतीला टेकून चरख्यावर कांड्या भरत बसलेल्या. माहेरी असताना मला वाटायचं, नोकरीवाल्या सुनेला सासरी कामातून सूट मिळेल. तुम्ही शाळेत पाठवलं खरं, पण स्वयंपाक, धुणं, पाणी कोणी थांबवलं नाही. हे मी तुम्हाला तेव्हाही ऐकवलं होतं, आताही ऐकवते. तुम्ही हसून म्हणायचे, "हळूहळू होईन वं सगळं." होईन होईन करता करता माझे केस पांढरे झाले.

तुमचा एकच नेम होता. वसंताने, म्हणजे तुमच्या मुलाने, मागाला शिवायचं नाही. यांनी मला लग्नानंतर सांगितलं होतं, लहानपणी तुम्ही बाजारात गेल्याचं पाहून हे एकदा खड्ड्यात उतरून बसले आणि धोटा फेकून पाहू लागले. तुम्ही परत आले, दंडाला धरून वर ओढलं, एक कानाखाली दिली आणि मग स्वतःच ओट्यावर जाऊन रडत बसले. यांना मारापेक्षा त्या रडण्याची भीती बसली. तुमचं म्हणणं असं की जे काम पोराच्या डोळ्यांसमोर असतं ते त्याच्या हातात उतरतं, आणि एकदा उतरलं की तो तिथून उठत नाही. तुमच्या बापाने तुम्हाला तसंच बसवलं होतं. दहा-अकरा वर्षांचे असाल. शाळेत नंबर वर होता तुमचा, हे तुम्ही मला सांगितलं, घरात दुसऱ्या कोणाला नाही.

मग प्रकाश रांगायला लागला. एका दुपारी पाहते तर हा खड्ड्याच्या काठाशी जाऊन पाय आत सोडून बसला, आणि पावडीकडे पाहून किंचाळतो आहे आनंदाने. सासूबाई टाळ्या पिटत म्हणाल्या, "पाहा वं, आजावर गेला." आम्ही दोघी हसलो. तुम्ही हसले नाही. तुम्ही त्याला उचलून माझ्याकडे दिलं आणि दिवसभर जेवले नाही. त्याच आठवड्यात यांना सरकारी कचेरीत क्लार्क म्हणून ऑर्डर आली. गल्लीत पेढे वाटून झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कातर घेऊन मागाशी उभे राहिले.

मामाजी, मी विणकराच्या घरातली असून मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं तुम्ही काय करत होते ते. माग कधी मोकळा करत नाहीत. एक लुगडं विणून उतरवलं तरी ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, शेवटची टोकं मागावर तशीच ठेवायची, आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना जोडून घ्यायचा. तुमच्या आज्याच्या हातचा धागा असा जोडत जोडत तुमच्यापर्यंत आलेला. आणि तेव्हा तर मागावर अर्धं विणलेलं लुगडं होतं. सासूबाई पदर तोंडात धरून दारात उभ्या. एवढंच म्हणाल्या, पूर्ण तरी होऊ द्या. तुम्ही वळून न पाहता म्हणाले, "पूर्ण झालं की दुसरं लागते." आणि कातर चालवली.

लाकडं गल्लीतल्या एकाला फुकट देऊन टाकली. बंडीभर मुरूम आणून खड्डा बुजवला, वर शेणाने सारवून घेतलं. गल्लीने तुम्हाला वेड्यात काढलं. पोराच्या पहिल्या ऑर्डरवर कोणी माग काढतं का? चार-दोन वर्षं पाहतात, पोरगा पक्का होऊ देतात, तोवर बायकापोरं चालवतात. तुम्हाला कोणी तरी विचारलं, ऑर्डरमध्ये टेम्पररी लिहिलं आहे का पर्मनंट? तुम्ही म्हणाले, सरकारी आहे. तुमच्या लेखी सरकारी म्हणजे पर्मनंटच. अर्ध्या लुगड्याचं सासूबाईंनी प्रकाशला दुपटं केलं.

त्या खोलीत आम्ही नंतर कितीतरी वर्षं राहिलो, पण त्या जागेवरून घरातलं कोणी चाललं नाही. पाहुणे सरळ यायचे, घरातली माणसं वळसा घालून जायची. दरवर्षी पावसाळ्यात तिथली माती खाली बसायची आणि तुम्ही पुन्हा टोपलंभर मुरूम आणून टाकायचे. एकदा मी चिडून, जागा वाया जाते म्हणून खाट नेमकी तिथे टाकली. तुम्ही घोंगडी घेऊन ओट्यावर झोपायला गेले. तिसऱ्या दिवशी मी खाट हलवली.

यांची नोकरी तुटली तेव्हा प्रकाश पहिलीत होता. ते खातंच बंद झालं, टेम्पररी होते ते सगळे घरी बसले. सासूबाईंना दमा, औषधं चालू, आणि घरात येणारा पगार एकटा माझा. तेव्हा मी तुम्हाला म्हटलं, मामाजी, खड्डा उकरू. माग परत लावू. मी शाळेतून आले की कांड्या भरून देईन, मला येतं. तुम्ही ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी बांधून घेऊन कुठे तरी गेले. संध्याकाळी आले तेव्हा तुमच्या भुवयांवर सुताचा बारीक कापूस होता. मी न विचारताच समजले. सक्करदऱ्याच्या तलावापलीकडे एका शेठने टिनाच्या शेडमध्ये ओळीने माग टाकले होते. विणकराने यायचं, शेठच्या सुतावर विणायचं, नगामागे मजुरी घ्यायची. स्वतःचा माग होता तो माणूस म्हातारपणी तिथे मजुरीला बसला.

मी खूप बोलले तुम्हाला त्या दिवशी. माझा आवाज गल्लीत गेला असेल, जाऊ द्या. म्हटलं, स्वतःचा खड्डा बुजवला आणि दुसऱ्याच्या खड्ड्यात काहून जाऊन बसता? घरी विणलं असतं तर चार पैसे जास्त सुटले असते, वर शेठची बोलणी खावी लागली नसती. तुम्ही लोट्यातलं पाणी पायावर घेत होते. पाय धुऊन झाल्यावर म्हणाले, "तिथं प्रकाश माह्याकडे पाहून नाही राहिला वं बाई."

मी पाय पुसायला फडकं पुढे केलं. पण पटलं होतं असं समजू नका. मला तेव्हाही वाटायचं आणि आताही वाटतं, की तुम्ही पोराला काय दाखवायचं नाही याचाच विचार केला. त्याने काय पाहावं ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. कसं ठाऊक असणार? तुम्ही ऑफिस आतून कधी पाहिलंच नव्हतं. मी पाहते ना शाळेत. रिक्षावाल्यांची, मोलकरणींची पोरं माझ्यासमोर बसतात. हुशार असतात. चौथी होतात, काही सातवी होतात. मग कधी तरी बाजारात भेटतात, डोक्यावर पाटी घेतलेली, आणि नमस्ते बाई म्हणतात. मी त्यांना अक्षरं दिली, पुढचं कोणी द्यायचं होतं? पूर्वी मला यावर राग यायचा. हल्ली नुसता थकवा येतो.

पण तुमची हट्टाची मजुरी फळली, हे मी नाकारत नाही. यांना दुसरीकडे लागलं, यावेळी पक्कं. तुम्ही शेडमधून सुटले. सासूबाई तेवढं पाहून गेल्या. पुढे सक्करदऱ्याच्या दोन खोल्या विकून, माझ्या आणि यांच्या पगारातून आपण शहराबाहेर हुडकेश्वरला प्लॉट घेतला. आजूबाजूला तुरीची शेतं, रस्ता नाही, पावसाळ्यात चपला हातात धरून यावं लागायचं, तरी तुम्ही घराभोवती दिवसातून चार फेऱ्या मारायचे. शहाबादी फरशी बसली तेव्हा तुम्ही धोतर वर खोचून स्वतः ती घासली. तुमचा तो आनंद मी पाहिला आहे. तेव्हा मला तुमच्या सगळ्या हट्टाबद्दल तुमचे पाय धरावेसे वाटले होते. धरले नाहीत, कारण हातात पिठाची परात होती आणि तुम्ही फरशीवर पाय देऊ नको म्हणून ओरडत होते.

आणि ते ओव्हरसियर साहेब! शेजारच्या बंगल्यातले, रिटायर झालेले. पहिल्याच दिवशी कुंपणावरून विचारलं, काकाजी, आपण कोणत्या डिपार्टमेंटला होते? तुम्ही छाती काढून म्हणाले, "कपड्याच्या लाइनमध्ये होतो." हे खाली पाहू लागले. मी हसू आवरत स्वयंपाकघरात पळाले. त्या दिवसापासून साहेब तुम्हाला शेठजी म्हणायला लागले आणि टेरिकॉट महाग झालं की तुमचं मत विचारायला लागले. तुम्हीही बिनदिक्कत मत द्यायचे. मी चिडवलं तर म्हणायचे, "खोटं काय त्यात? कपड्याच्याच लाइनीत होतो." मी पोट धरून हसायची. मग भांडी घासताना वाटायचं, एवढं चालून इथवर आलो आणि इथे येऊन माणसाला आपण काय करत होतो ते सांगता येऊ नये.

साहेबांची दोन्ही पोरं बघता बघता लागली. त्यांचं काम एका चहावर व्हायचं, साहेब कोणाला तरी चहाला बोलवायचे. आपण चहा पाजायला तयार होतो हो, पण कोणाला पाजायचा तेच आपल्याला माहीत नव्हतं. प्रकाश बी.कॉम. झाला. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घातलं. तुम्ही त्याचा पांढरा शर्ट स्वतः इस्त्री करून ठेवायचे, कधी बोलावणं येईल याचा नेम नाही म्हणून. पोस्टमनची सायकल दिसली की ओट्यावरून उठायचे. "काही आलं काय गा?" एवढंच विचारायचे, पण रोज विचारायचे. मामाजी, तुम्हाला कोणी सांगितलं नाही, आता मी सांगते. तुमचं ते विचारणं ऐकून प्रकाश पुढे पुढे पोस्टमनच्या वेळी संडासात जाऊन बसायचा. पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं. तो जेवायला बाहेर येईना. मित्र आले की घरी नाही म्हणून सांगायला लावायचा. शेव्हिंग सोडलं. मी आई आहे, मला त्याच्या खोलीच्या बंद दाराची धास्ती बसली होती. शाळेतून येताना वळणावर आले की घरासमोर गर्दी तर नाही ना, हे आधी पाहायची.

आणि मग एका संध्याकाळी तो केसांत लाकडाचा भुसा घेऊन घरी आला. एका मित्राने त्याला लकडगंजला लाकूड चिरायच्या आरामशीनवर नेलं होतं. जेवायला बसल्यावर म्हणाला, सोमवारपासून मी तिथे जाणार. सांगताना दुसरी पोळी मागितली त्याने. कितीतरी महिन्यांनी दुसरी पोळी मागितली हो. मी वाढत होते, तेवढ्यात तुम्ही ताटावरून उठले. त्याच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहून म्हणाले, "मास्तरीणबाई, याच्यासाठी मी माग काढला काय वं?"

मी उत्तर दिलं. तो रिकामा बसून बसून गेला असता ते चाललं असतं का तुम्हाला, असं विचारलं. हे मध्ये पडायला लागले, त्यांनाही गप्प केलं. म्हटलं, एवढं शिकवून नोकरी नाही तर त्यात पोराचा काय दोष? सरकारला विचारा, साहेबांना विचारा, पोराला कशाला शिक्षा? तुम्ही हात धुऊन ओट्यावर गेले. त्यानंतर तुम्ही प्रकाशशी बोलले नाही.

आठ महिने. सुरुवातीला तो चहा घेऊन यायचा, तुम्ही भिंतीकडे पाहायचे, तो कप खाली ठेवून जायचा, आणि मग मी येऊन तोच कप तुमच्या हातात दिला की प्यायचे. पहिल्या मजुरीतून त्याने तुम्हाला धोतरजोडी आणली. ती तुम्ही नेसले, कारण घडी मी दिली. तो समोर बसला असला की तुम्ही माझ्यामार्फत बोलायचे: मास्तरीणबाई, त्याला सांगा पंखा बंद कर. पंखा त्याच्या हाताशी. तो बंद करायचा आणि तुमच्या तोंडाकडे पाहायचा. एकदा मला म्हणाला, "आई, आबाजी मेल्यावर तरी बोलतीन काय माह्याशी?" मी त्याला रागावले. पण त्या दिवसापासून मला एकच लागून राहिलं होतं. घर नको, स्लॅब नको, काही नको. तुम्ही जाण्याआधी त्याच्याशी एकदा बोलावं.

दवाखान्यात शेवटच्या दोन दिवसांत तुमची छाती भरून आली होती. प्रकाश कामावरून सरळ आला, तुमच्या पायाशी उभा राहिला. मी वाकून तुमच्या कानाशी म्हटलं, मामाजी, प्रकाश आहे. तुम्ही डोळे उघडले नाही. "हो," म्हणाले. ते मला म्हणाले की त्याला, ते मी अजून ठरवू शकले नाही. पुन्हा तुम्ही काही बोलले नाही.

तो रडला नाही. डोकं भादरून यांच्या बरोबरीने सगळे विधी नीट केले. दहाव्याला कावळा लवकर शिवेना तेव्हा लोक एकमेकांकडे पाहू लागले, कोणी म्हणालं इच्छा राहिली असेल, आणि प्रकाशची मान खाली गेली. घरी आल्यावर त्याने मला सांगितलं, की तेरवी झाली की आरामशीन सोडतो. आबाजींना नको होतं ना, मग नको. मी विचारलं, आणि मग काय करशील? तो म्हणाला, बसतो घरी. बसतो घरी हे त्याने ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज मी ओळखते. तुमच्या फोटोला हार घालताना काल सकाळी मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय बोलले ते इथे सांगत नाही.

दुपारी पंगती उठत आल्या तेव्हा एक साठीतला माणूस आला. खाकी पँट, पांढरा शर्ट, पायांत टायरच्या चपला. आरामशीनवरचे मोठे मिस्त्री. प्रकाशने ओळख करून दिली आणि बुंदीची बादली घेऊन वाढायला गेला. मिस्त्री शेवटच्या पंगतीत जेवले. हात धुऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आले, मला नमस्कार केला आणि म्हणाले, बाई, बाबा आमच्याकडे येत होते, तुम्हाला माहीत असेलच.

मला कुठलं माहीत? म्हटलं, कोण बाबा?

तर तुम्ही! आम्हाला सांगून जायचे सक्करदऱ्याला जुन्या गल्लीत जातो, दोस्तांना भेटून येतो. आणि बसने लकडगंजला उतरायचे. पहिल्यांदा आले ते प्रकाश लागला त्याच महिन्यात. मिस्त्रींना वाटलं म्हातारा पोराला परत न्यायला आला, आता तमाशा होणार. तुम्ही प्रकाश ट्रकसोबत माल टाकायला बाहेर जाईपर्यंत पलीकडच्या चहाच्या टपरीवर थांबले होते. मग आत येऊन एका ओंडक्यावर बसले आणि मिस्त्रींना म्हणाले, पोराला नुसते ओंडके उचलायला लावू नका. त्याला आऱ्यावर घ्या, लाकूड पारखायला शिकवा. मी येऊन गेलो हे मात्र त्याला सांगायचं नाही.

मिस्त्री सांगत होते आणि मी दाराची चौकट धरून उभी होते. म्हणाले, त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी बाबा यायचेच. तब्येत बिघडेपर्यंत आले. आणि आले की एकच विचारायचे.

"काय विचारायचे?"

"पोराचा हात कसा आहे, म्हणून."

मामाजी, मी विणकराची नात आहे. आपल्यात दुसऱ्याच्या कामाची चौकशी अशीच करतात. ज्याचं काम आपल्या बरोबरीचं धरायचं, त्याच्याबद्दलच करतात. यांच्या नोकरीबद्दल तुम्ही असं कधी विचारलं नव्हतं, माझ्या शाळेबद्दल नव्हतं.

"मी म्हणायचो, हात चांगला आहे बाबा, साफ आहे," मिस्त्री म्हणाले. "तर बाबा म्हणायचे, पुन्हा सांगा. दरखेपी मले दोनदा सांगा लागे, मग उठायचे."

माझ्या मागे बादली जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. प्रकाश केव्हा येऊन उभा राहिला होता कोण जाणे. बुंदीची पळी हातात तशीच. तुमच्यासाठी भादरलेलं डोकं, आणि तोंड लहान मुलासारखं वाकडं झालेलं. तेरा दिवस आवरलेलं सगळं एकदम बाहेर आलं त्याचं. मिस्त्रींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बऱ्याच वेळाने त्याने बाहीने डोळे पुसले आणि विचारलं, "मिस्त्री, उद्या किती वाजता येऊ?"

तुम्ही दोन बस बदलून जायचे आणि दोनदा ऐकून यायचे. त्याला घरी एकदा तरी सांगायचं होतं, मामाजी.